पैलवानाची पाठ आणि काचेचं दार

"वस्ताद, काच का फुटते?"

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. तालमीच्या पायरीवर बसून ते सुपात घेतलेल्या तांबड्या मातीतले खडे वेचत होते.

"कुठली काच?"

"बाथरूममधली. शॉवरला काचेचा आडोसा केलाय न्हवं, त्याचं दार. परत फुटलं."

"कुणाला लागलं?"

"न्हाई. सगळीकडं नुसती खडीसाखर झाली. कुणाला ओरखडासुद्धा न्हाई."

"मग काच शहाणी हाय."

एवढं बोलून वस्ताद पुन्हा सुपात बघायला लागले...

हिंदुराव पैलवानाला असल्या उत्तरांची सवय होती. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो या तालमीत येत होता. आता मिशा पांढऱ्या झाल्या, पोट पुढे आलं, गुडघे कुरकुरायला लागले. तरी वारणाकाठच्या गावांत त्याचं नाव निघालं की लोक एकच गोष्ट सांगत. या गड्याची पाठ कधी मातीला लागली नाही. कुणी त्याला गुडघ्यावर आणलं असेल, कुणी कुशीवर पाडलं असेल, पण आभाळ कुणी दाखवलं नाही.

ही गोष्ट लोकांपेक्षा हिंदुरावाने स्वतःच जास्त मनावर घेतली होती. रात्री तो कुशीवर झोपायचा. दातांच्या डॉक्टरने खुर्ची मागे कलती केली, तेव्हा ठणकणारी दाढ तशीच घेऊन तो घरी परतला होता. त्याची बायको मालन म्हणायची, लग्न झाल्यापासून ह्या माणसाला मी उताणा बघितला नाही. हे ती कौतुकाने म्हणते की वैतागून, ते हिंदुरावाने कधी विचारलं नव्हतं.

"वस्ताद, चेष्टा नको. आई चाललीय."

वेचणारा हात थांबला.

"कुठं?"

"ताईकडं, इचलकरंजीला. पिशवी भरून सोप्यात बसलीय. सांजच्याला दाजी गाडी घेऊन येणार. म्हणते, आता तिकडंच ऱ्हाते."

"कशापायी?"

एवढा मोठा गडी, पण सांगताना पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागला.

त्याची आई सोनाबाई ऐंशी ओलांडलेली. मागे एकदा ती बाथरूमच्या ओल्या फरशीवर घसरली आणि खुब्याला मार बसला. मग पडदा लावला. तर तोल जाताना तिने पडदाच धरला आणि पडद्यासकट खाली आली. शेवटी हिंदुरावाने काचेचा आडोसा करून घेतला. एक काच पक्की, दुसरी दाराची. पाणी आतल्या आत राही, बाहेरची फरशी कोरडी राही, आणि भिंतीतल्या दांड्याला धरून म्हातारी आपली आपण न्हायची. सगळं झकास चाललं होतं.

मग दाराची खालची बिजागरी सैल झाली. हिंदुरावाने पाना घेतला आणि अंगातलं बळ लावून ती आवळली... दार गेलं. नवी काच आणली, स्वतः बसवली, त्याच बळाने आवळली... तीही गेली.

तेव्हापासून मालन सासूला अंघोळ घालत होती. मायेनं घालत होती, त्यात खोट नव्हती. पण सोनाबाई डोळे गच्च मिटून बसायची आणि अंगावरचं लुगडं मुठीतून सोडायची नाही. आता तर तिने अंघोळच नको म्हणून सांगितलं होतं.

"म्हणते, जल्मात कुणाफुडं उघडी झाले न्हाई, आता सुनेनं धुवायची व्हय मला, म्हशीगत?" हिंदुराव म्हणाला. "ताईकडं असलाच आडोसा हाय. धड असलेला. वस्ताद, पैलवानाची आई अंघोळीसाठी लेकीच्या दारात जाणार... मला मेल्याहून मेल्यागत झालंय."

"नवी काच आणलीस?"

"आणलीय. पण हात लावायचं धाडस होईना. आईच म्हणाली, तुझ्या वस्तादाला इचार जा."

"काचवाला काय म्हणाला?"

"त्यो कसला काचवाला!" हिंदुराव एकदम उसळला. "मी म्हटलं, खराब काच देतोस. तर मलाच सांगतोय, पैलवान, एकदा पाठीवर पडून बघा, बिजागरीच्या आत काय झालंय ते. मला! पाठीवर पडून बघा! तसाच उठून आलो. त्याचा माणूस येणार हुता बसवायला, त्यालाबी नको म्हटलं."

वस्तादांनी सूप खाली ठेवलं. हात झटकले.

"चल."

"तुमास्नी काचेतलं कळतंय?"

"काचेतलं न्हाई कळत." वस्ताद काठीच्या आधाराने उठले. "तू कळतोस."

घरी सोनाबाई सोप्यात बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. एस.टी. चुकेल की काय अशा तयारीने बसलेली.

"या दस्तगीरभाऊ. पाणी घ्या. मी चाललेच हाय."

"जा की, आक्का," वस्ताद म्हणाले. "गाडी येईस्तवर बस."

हिंदुरावाला वाटलं होतं, वस्ताद आईची समजूत घालतील. त्याचा चेहरा उतरला. त्याने भिंतीला टेकवलेली नवी काच कवेत घेतली.

"एक कड मी धरते," मालन पुढे झाली.

"बाजूला हो. हे बाईमाणसाचं काम न्हवं."

मालन बाजूला झाली. वस्तादांनी ते पाहिलं.

आईच्या दांड्यासाठी हिंदुरावाने सकाळीच भिंतीला नवी भोकं पाडली होती, त्याची भुकटी बाथरूमच्या फरशीवर तशीच होती. त्याने काच लाकडी ठोकळ्यावर उभी केली. तिची कड बिजागऱ्यांच्या खाचांत सरकवली. वरची बिजागरी समोर होती. ती पटकन लागली. खालची मात्र कोपऱ्यात, वॉश बेसिनच्या खाली गेलेली. हिंदुराव उकिडवा बसला. खांद्याने काच रेटली, हात बेसिनखाली घातला आणि चाचपडत पाना स्क्रूला लावला. मागच्या वेळीही त्याने असंच केलं होतं.

"थांब," वस्ताद दारातून म्हणाले. "बिजागरी दिसती का?"

"दिसत न्हाई. बेसिन आडवं येतंय. पण हाताला कळतंय."

"मागं कळलं तसंच?"

हिंदुरावाचा हात थांबला...

"पड," वस्ताद म्हणाले.

"काय?"

"उताणा पड. डोकं बेसिनखाली घाल. मग दिसंल."

नळाचं पाणी ठिबकत होतं.

हिंदुराव उठून उभा राहिला. एका हातात पाना, दुसऱ्या हाताने काच धरलेली. वस्तादांनी चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं.

"वस्ताद, तुमीच शिकवलंय. पाठ दावायची न्हाई."

"कुणाला?"

"समोरच्या गड्याला."

वस्तादांनी बाथरूमभर नजर फिरवली. बादली पाहिली, तांब्या पाहिला, आरशाखालची दंतमंजनाची डबी पाहिली.

"इथं गडी कोण हाय?"

हिंदुरावाला राग आला.

"तुमची पाठ तरी कवा टेकलीय?"

"रोज रात्री," वस्ताद म्हणाले. "झोप लई चांगली लागती."

मालनने तोंडाला पदर लावला. हिंदुरावाने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण पदरामागचं हसू काही थांबेना.

"मला जमायचं न्हाई, वस्ताद. दुसरं काय बी सांगा. ही काच दातांत धरून उभा ऱ्हा म्हणा, ऱ्हातो. पण तेवढं नको."

वस्तादांनी काठी भिंतीला टेकवली. वहाणा काढल्या. लुंगी गुडघ्यापर्यंत वर खोचली, दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसले. मग एक हात मागे टेकवला... आणि आडवे व्हायला लागले.

"वस्ताद! अवो, काय करताय! फरशी गार हाय!"

हिंदुराव ओरडत राहिला, पण करणार काय? पाना टाकून त्याने दोन्ही हातांनी काच धरली होती. सोडली तर ही काचही जाणार. आणि डोळ्यांसमोर त्याचा वस्ताद, ज्याच्या पायाची माती तो पोरवयापासून कपाळाला लावत आला होता, तो बाथरूमच्या फरशीवर उताणा झाला. पांढरी दाढी छातीवर, पाय दाराबाहेर, डोकं बेसिनखाली.

मालन दारातून आत वाकली.

"काय दिसतंय?" मालनने विचारलं.

"काय बी न्हाई." वस्तादांचा आवाज बेसिनखालून घुमत आला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय माझ्या."

कुणी हसलं नाही.

"चांगल्या डोळ्यांचं माणूस पायजे," वस्ताद म्हणाले आणि तिथेच पडून राहिले.

ओरडा ऐकून सोनाबाई भिंत धरत धरत दाराशी आली होती. तिने फरशीवर पडलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग लेकाकडे पाहिलं. पिशवी तिच्या खांद्यालाच होती. हिंदुरावाची नजर त्या पिशवीवर गेली. ही बाई उद्या या घरात नसेल. सकाळी उठून हाक मारली तर ओ येणार नाही. आणि का, तर आपल्याला पाठ टेकवता येत नाही म्हणून.

"मालन," तो म्हणाला. "काच धर. झेपंल?"

"कवाचं झेपतंय. सोडा तुमी."

त्याने सोडली. मालनने दोन्ही हातांनी काच धरली आणि ती जरासुद्धा हलली नाही.

हिंदुराव वस्तादांशेजारी बसला. आधी कुशीवर झाला, तिथवर त्याला सवय होती. मग कोपर टेकवलं. मग एक खांदा. आखाड्यात असा एक खांदा टेकला की माणसं जागची उठून उभी राहतात, हलगीवाला वाजवायचा थांबतो. दुसरा खांदा मात्र हवेतच राहिला. मान ताठ, दात आवळलेले, कपाळावर घाम. आयुष्यभर त्या खांद्यावर भल्याभल्यांनी भार टाकला होता आणि त्याने तो परतवला होता. आज कुणीच दाबत नव्हतं. तेच अवघड होतं.

वस्तादांनी शेजारून हात उचलला आणि त्याच्या छातीवर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"सोड," ते म्हणाले.

हिंदुरावाने डोळे मिटले... आणि दुसरा खांदा फरशीला लागला.

काहीच झालं नाही. फरशी गार होती. वर छत होतं, छताला एक कोळिष्टक होतं. बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरली. हिंदुरावाने इतका मोठा श्वास सोडला की मालनला वाटलं, याला काही झालं की काय.

"बरे हायसा न्हवं?" तिने विचारलं.

"हाय," तो म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. "बरा हाय."

मग त्याने डोळे उघडले, डोकं बेसिनखाली सरकवलं आणि वर पाहिलं.

"आरं तिच्या..."

"काय?" वस्तादांनी विचारलं.

"रबर! वस्ताद, बिजागरीच्या दोन पत्र्यांत काच बसती, अन् काचेला पत्रा लागू नये म्हणून दोन्हीकडं रबर असतंय. ह्या बाजूचं हाय जागेवर. भिंतीकडचं घसरून खाली लोंबतंय. तिथं उघडा पत्रा काचेला लागलाय. अन् मी... मी त्याच्यावर आवळत हुतो. बळ लावून!"

"हं," वस्ताद म्हणाले.

"काचेचा काय दोष न्हवता."

"हं."

हिंदुरावाने स्क्रू आणखी सैल केला. "मालन, काच जरा तुझ्याकडं घे... आणखी... बास." त्याने बोटाने रबर वर ढकलून जागेवर नीट बसवलं. पुन्हा पुन्हा बघून खात्री केली. मग पाना लावला आणि थबकला.

"वस्ताद, किती आवळू?"

"सुटंल न्हाई इतकं. दुखंल न्हाई इतकं."

हिंदुरावाने पाना मुठीतून काढून दोन बोटांत धरला. हळूच फिरवला. थांबला, पाहिलं, पुन्हा थोडा फिरवला. मालनने श्वास रोखून धरला होता. सोनाबाईने चौकट धरली होती.

काच फुटली नाही.

"ठोकळा काढ," हिंदुराव खालून म्हणाला.

मालनने पायाने ठोकळा सरकवला. काच जागच्या जागी तरंगत राहिली. मालनने एका बोटाने दार ढकललं. ते आवाज न करता उघडलं. पुन्हा एका बोटाने ढकललं, ते मिटलं. तिने पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिला काही केल्या पुरे होईना.

"चाललं!" ती ओरडली. "अवो, चाललं दार!"

आणि हिंदुराव पैलवानाने पडल्या पडल्या मांडीवर असा काही शड्डू ठोकला की बादलीवरचा तांब्या हलला. उताणं पडून शड्डू ठोकणारा पैलवान वारणाकाठाने तोवर पाहिला नसेल. तो हसत होता, गदागदा हसत होता, आणि त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळत होतं. शेजारी वस्तादही हसत होते, दात नसलेलं, मोकळं.

"उठ की आता," थोड्या वेळाने वस्ताद म्हणाले.

"जरा थांबा, वस्ताद. लई बरं वाटतंय."

"उठा दोघंबी!" दारातून सोनाबाई कडाडली. तिच्या खांद्यावर पिशवीऐवजी पंचा होता. "मला न्हायाचंय."

सगळे बाहेर सोप्यात येऊन बसले. बाथरूमचं दार लागलं. मग आतलं काचेचं दार लागल्याचा हलका आवाज आला. मग पाणी सुरू झालं.

निकालाची वाट बघत आखाड्याच्या कडेला बसावं, तसे तिघं बसले होते. कुणी कुणाकडे बघेना.

"साबण कुठं ठेवलाय गं?" आतून हाक आली.

मालन अर्धी उठली.

"असू दे, घावला!"

मालन खाली बसली. पाणी पडत राहिलं, मधेच थांबलं, पुन्हा पडायला लागलं. आत म्हातारी स्वतःशी काहीतरी बोलत होती, पाण्याला की साबणाला रागे भरत होती, देव जाणे. कितीतरी दिवसांत तिचा असा आवाज घरात ऐकू आला नव्हता. हिंदुराव गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. कुठल्याही मैदानात आपल्या नावाचा गजर त्याने इतका जिवाचा कान करून ऐकला नव्हता.

सोनाबाई बाहेर आली. धुतलेलं लुगडं आपल्या हाताने नेसलेली, पांढरे केस ओले, तोंड लालबुंद. काठी नाही, कुणाचा हात नाही. ती सोप्यातून सरळ चालत पुढे आली, आपली पिशवी उचलली आणि मालनच्या हातात दिली.

"कपाटात ठीव."

मग लेकाकडे वळली.

"हिंद्या, दाजीला फोन लाव. म्हणावं, चहाला या. न्यायला नको."

हिंदुरावाने आईचे पाय धरले, वस्तादांचे धरले, आणि मालनचेही धरले असते, पण ती मागे सरकली.

"पेढे आणतो," तो कसाबसा म्हणाला. "सगळ्या आळीला वाटतो."

तो दाराकडे निघाला आणि मालनला त्याची पाठ दिसली. भिंतीला भोकं पाडताना फरशीवर पडलेली पांढरी भुकटी शर्टावर दोन्ही खांद्यांपासून कमरेपर्यंत उमटली होती. आखाड्यात पाठीवर असा डाग असला की पंचाला विचारायचं कारण उरत नाही. हरलेल्या गड्याची माणसं धावत येऊन आधी तो डाग झटकतात, मग त्याला बाहेर नेतात.

मालन पदर घेऊन पुढे झाली. मध्ये वस्तादांची काठी आडवी आली.

"ऱ्हाऊ दे."

"अवो वस्ताद, लोक बघतील!"

हिंदुराव उंबऱ्यात थांबला. मान वळवून त्याने खांद्यावरचा पांढरा डाग पाहिला. हात आपसूक मागे गेला... आणि अर्ध्यावरून परत आला.

"मागल्या बोळानं जाऊ का?" त्याने विचारलं.

वस्तादांनी वहाणा घातल्या. काठी टेकत ते त्याच्या पुढे होऊन अंगणात उतरले. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवरही तीच पांढरी भुकटी, खांद्यापासून कमरेपर्यंत.

"चल," ते म्हणाले. "पेठेतनं जाऊ."